माळ्यावरचा रेकॉर्डप्लेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची साफसफाई आणि मे महिन्याची सुट्टी, या दोन मोसमांत मला हमखास फोन येतात. माळा आवरताना आजोबांचा रेकॉर्डप्लेअर सापडलेला असतो, सोबत चादरीत गुंडाळलेल्या चाळीस-पन्नास रेकॉर्डी, आणि प्रश्न ठरलेले. मी दुकान मांडून बसलेला मेकॅनिक नाही. घरचे, सासरचे, शेजारपाजारचे प्लेअर उघडून, काही बिघडवून आणि बरेच सुधारून जे हाताला कळलं, ते इथे एकदाच लिहून ठेवतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: मेहनत आणि पैसा सुईपासून सुरू करायचा आणि तिथून मागे मागे जायचं. नवा प्लेअर घेण्याचा विचार सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

आत्ताच माळ्यावरून काढला. आधी प्लग लावून बघू का?

नका लावू. आधी वायर बघा. पन्नास वर्षांपूर्वीच्या वायरीचं रबर वाकवलं की बिस्किटासारखं तुटतं, आणि आतली तांब्याची तार उघडी पडते. अशी वायर असेल तर ती बदलून घ्या, तीन पिनांच्या प्लगसकट. मग प्लॅटर, म्हणजे फिरणारी थाळी, हाताने फिरवा. ती अडत असेल तर मोटरला जोर लावायला लावू नका.

त्यानंतर सिरीज बल्ब. जुन्या रेडिओ मेकॅनिककडे भिंतीवर हा असायचाच: १०० वॅटचा पिवळा बल्ब, त्याच्याच वाटेतून यंत्राला वीज. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर तो मंद राहतो. एलईडी बल्बने हे काम होत नाही. हे स्वतः जमणार नसेल तर जमणाऱ्याकडे न्या, त्यात कमीपणा नाही.

व्हॉल्व्हचा रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि प्लेअर एकत्र असलेलं जुनं यंत्र, असेल तर मात्र मागचं झाकण उघडूच नका. आत अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ साठून राहतो.

थाळी फिरते, पण गाणं रडल्यासारखं येतं. मोटर गेली का?

मोटर क्वचितच जाते. आधी बघा की तुमचा प्लेअर बेल्टचा आहे, आयडलरचा आहे की डायरेक्ट ड्राइव्ह. थाळी उचलली की कळतं. रबरी पट्टा दिसला तर बेल्ट. मोटरच्या दांड्याला आणि थाळीच्या आतल्या कडेला एकाच वेळी टेकणारं छोटं रबरी चाक दिसलं तर आयडलर. यातलं काहीच नसेल, थाळी थेट मोटरवरच बसत असेल, तर डायरेक्ट ड्राइव्ह.

बेल्ट आपल्या हवेत दोन प्रकारे मरतो. एक तर ताणून सैल पडतो, नाहीतर वितळून डांबर होतो. दुसरा प्रकार बघायला मिळाला तर जुनं बनियन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बसा आणि पुली, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं छोटं चाक, व थाळीची कड लख्ख करा. ते काळं कपड्यांना लागलं तर निघत नाही, अनुभव आहे. नवा बेल्ट घेताना जुन्याची लांबी दोऱ्याने मोजू नका, तो ताणलेला असतो. मॉडेल नंबरवरून घ्या. आयडलरचं रबर घट्ट आणि चकचकीत झालेलं असेल तर अल्कोहोलने पुसा, त्यावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

आता तेल. थाळीच्या मधल्या दांड्याचं जुनं तेल घट्ट गुळासारखं झालेलं असतं. दांडा बाहेर काढा, पुसा, आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा. एक-दोनच. खोबरेल तेल कदापि नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत ते बाटलीत गोठतं तसंच बेअरिंगमध्येही गोठतं. मी एक प्लेअर बघितलाय, जो मार्च ते ऑक्टोबर सुरेख वाजायचा आणि डिसेंबरात सकाळी हलायचा नाही. मालकाने तीन मेकॅनिक पालथे घातले होते. बेअरिंगला नाक लावलं आणि निदान झालं.

आणि प्लेअर अमेरिकेतल्या काकांनी आणलेला असेल तर? तिकडे वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट कमी होतात, हर्ट्झ बदलत नाहीत. जुनी एसी सिंक्रोनस मोटर हर्ट्झच्या तालावर फिरते, म्हणून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग साधारण २७.८ वर येतो. लताबाईंचा आवाज एखाद्या घोगऱ्या माणसासारखा येतो तो यामुळे. यावर इलाज म्हणजे ५० हर्ट्झची पुली. ॲडॉप्टरवर डीसी मोटर असलेल्या नव्या प्लेअरला ही अडचण नसते.

वेग बरोबर आहे हे घरच्या घरी कसं तपासायचं?

सर्वांत स्वस्त उपाय: थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा, एखादी एलपी, म्हणजे ३३⅓ ची मोठी रेकॉर्ड, लावून सुई टेकवा आणि तीन मिनिटांत किती फेरे होतात ते मोजा. ३३⅓ वर तीन मिनिटांत बरोबर शंभर होतात. अठ्ठ्याण्णव आले तर संथ आहे.

दुसरा उपाय स्ट्रोब चकती. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा झळकतो, म्हणून ३३⅓ साठीच्या चकतीवर १८० रेघा असतात. वेग बरोबर असला की रेघा जागेवर थांबल्यासारख्या दिसतात. मात्र चांगल्या एलईडीखाली हे दिसत नाही, कारण तो तसा लुकलुकतच नाही. जुन्या चोकची ट्यूबलाइट घरात कुठे उरली असेल तर तिच्याखाली न्या. आमच्याकडे ती फक्त बाथरूमबाहेर उरली आहे, त्यामुळे माझी तपासणी तिथे, स्टुलावर चालते. नेटवरून चकती छापून घेणार असाल तर ती ५० हर्ट्झची आहे ना ते बघा. ६० ची १८० ऐवजी २१६ रेघांची असते.

तिसरी कसोटी मला सर्वांत आवडते, आणि ती आपल्याच संगीतात आहे. शास्त्रीय गायनाची रेकॉर्ड लावा आणि गायकाकडे दुर्लक्ष करून मागचा तंबोरा ऐका. वेग किंचितही हेलकावत असेल तर षड्ज डुलतो. भरपूर वाद्यं वाजत असतात तिथे हा दोष झाकला जातो. तंबोरा झाकून घेत नाही. डुलणं प्रत्येक फेऱ्याला एकदा, ठरावीक तालात होत असेल तर मात्र प्लेअरला दोष देण्याआधी रेकॉर्डचं भोक बघा, ते मधोमध पाडलेलं नसतं असंही होतं.

सुई कधी बदलायची? चालतेय की अजून.

"चालतेय" हीच सुईची लबाडी आहे. झिजलेली सुई बंद पडत नाही, ती वाजत राहते आणि वाजता वाजता रेकॉर्ड खरवडते. एकदा खरवडलेली खाच परत भरत नाही, मग तुम्ही कितीही महाग सुई आणा.

हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास टिकते. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटं धरली तर हजार तास म्हणजे दीड हजार एलपी. रोज तासभर ऐकणाऱ्याला पावणेतीन वर्षं. जुन्या स्वस्त प्लेअरमध्ये हिऱ्याऐवजी सफायरची सुई असायची, ती पन्नास-एक तासांतच उतरते. माळ्यावरून काढलेल्या प्लेअरमधली सुई किती वाजली आहे हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं, तेव्हा ती गेलीच असं धरा. नवी सुई आणेपर्यंत आवडती रेकॉर्ड तिच्याखाली ठेवू नका. उत्सुकता फारच असेल तर एखादी टाकाऊ रेकॉर्ड लावून बघा.

कान काय सांगतो? ‘स’ आणि ‘श’ फुटायला लागतात. "सांज", "श्रावण" असे शब्द आले की तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येतो. आधी सुई साफ करून बघा, कारण सुईला धुळीचा बोळा लागला तरी असंच होतं. मऊ ब्रश मागून पुढे फिरवायचा, म्हणजे टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या लांब दांड्याच्या) बुडाकडून तुमच्या दिशेने. आडवा फिरवला की सुईची दांडी मोडते. मी स्वतः एकदा टॉवेलने प्लेअर पुसताना टॉवेलचा एक धागा सुईत अडकवला. हाताला काही जाणवलंसुद्धा नाही. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघितलं तर केसाएवढी दांडी काटकोनात वाकलेली, आणि हिरा गायब. त्या दिवसापासून सुईवर गार्ड चढवल्याशिवाय आमच्या घरात त्या टेबलाला फडकं लागत नाही.

आमच्या जुन्या मॉडेलची सुईच मिळत नाही. मग?

सत्तरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत जे प्लेअर शिरले, उदाहरणार्थ एचएमव्हीचा फिएस्टा, त्यांत क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असे. कार्ट्रिज म्हणजे सुई जिच्यात बसते आणि सुईच्या थरथरीची जी वीज करते ती डबी. क्रिस्टलमध्ये रोशेल सॉल्ट नावाचा क्षार असतो आणि तो दमट हवेत विरघळून निकामी होतो. मुंबई-कोकणातले किती प्लेअर केवळ यामुळे मुके झाले असतील देव जाणे. थाळी फिरते, सुई टेकते, आवाजच नाही किंवा अगदी क्षीण येतो, तर बहुधा हेच.

अशा वेळी नुसत्या सुईच्या मागे धावू नका, अख्खी सिरॅमिक कार्ट्रिज बसवा. ती आजही मिळते. अनेकींत सुई उलटी करता येते: एका बाजूला एलपीची, दुसऱ्या बाजूला ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीची. घरात कोणीतरी ती ७८ वर फिरवून ठेवलेली असते आणि एलपी खराब वाजते म्हणून सगळे हळहळत असतात, हेही बघितलंय.

त्या प्लेअरमध्ये आधुनिक मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवायचा मोह आवरा. तो टोनआर्म पाच-सहा ग्रॅम वजनासाठी घडवलेला असतो, आतला ॲम्प्लिफायरही तिच्यासाठी नसतो. नाकापेक्षा मोती जड होतो.

सुईवर वजन किती ठेवायचं? बाबा चार आण्याचं नाणं ठेवायचे.

सगळ्यांचे बाबा ठेवायचे! चार आण्याचं नाणं अडीच ग्रॅमच्या आसपास. सुई उडी मारते म्हणून नाणं ठेवलं की उडी थांबायची आणि रेकॉर्डची साल निघायची.

वजन कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेलं असतं. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, ऑर्टोफॉनच्या टूएम रेडला १.८ ग्रॅम. लोकांना वाटतं कमी वजन म्हणजे रेकॉर्डचा फायदा. तसं नाही. वजन कमी पडलं तर सुई खाचेच्या भिंतीवर आपटत जाते, आणि ती आपटणारी सुई जास्त नुकसान करते. सांगितलेल्या मर्यादेत, जरा वरच्या अंगालाच ठेवा.

लावायची रीत अशी. अँटीस्केट, म्हणजे टोनआर्मची आतल्या बाजूची ओढ तोलणारी खुंटी, शून्यावर ठेवा. टोनआर्मच्या मागचं वजन, म्हणजे काउंटरवेट, फिरवत फिरवत टोनआर्म हवेत आडवा तरंगेल असं करा, खालीही नाही आणि वरही नाही. तो तरंगला की काउंटरवेट न हलवता फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणा. मग दोन्ही मिळून हवा तेवढा आकडा फिरवा. अँटीस्केटही तेवढ्याच आकड्यावर. ग्रॅमच्या दुसऱ्या दशांशापर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. एकदा घ्या, कडीवरचे आकडे किती थापा मारतात ते कळेल.

प्रत्येक बाजूचं शेवटचंच गाणं फाटतं. रेकॉर्ड खराब आहे का?

कदाचित असेलही, पण आधी कार्ट्रिज सरळ बसली आहे का ते बघा. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळपास ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आत लेबलजवळ तीच जेमतेम २१. म्हणजे तेवढंच गाणं अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं, आणि कार्ट्रिज जराशी तिरकी असली तरी ते तिथेच आधी उघडं पडतं.

प्रोट्रॅक्टर नावाची कागदी पट्टी छापून घ्या. छापताना ‘शंभर टक्के आकार’ निवडा आणि फूटपट्टीने खात्री करा, नाहीतर सगळं मुसळ केरात. पट्टीवरच्या दोन बिंदूंवर सुई टेकवून कार्ट्रिजच्या कडा आखलेल्या रेघांना समांतर येईपर्यंत सरकवायची, मग स्क्रू आवळायचे. पहिल्यांदा तासभर जातो आणि कुणावर तरी ओरडणंही होतं. मागच्या चार बारीक वायरी निघाल्या तर रंग लक्षात ठेवा: पांढरी डावी, निळी डाव्याची परत, लाल उजवी, हिरवी उजव्याची परत. त्या चिमट्याने, टोपी धरून लावा, तार धरून नाही. त्यांना तापतं सोल्डर तर दाखवूच नका.

ब्लूटूथ स्पीकरच्या ऑक्सला जोडला, आवाज मुंगीसारखा येतो.

कारण मध्ये फोनो प्रीॲम्प नाही. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून चार-पाच मिलिव्होल्ट निघतात आणि सीडी प्लेअरमधून दोन व्होल्ट. फरक चारशे-पाचशे पटींचा आहे.

शिवाय नुसता आवाज वाढवून भागत नाही. रेकॉर्ड कोरताना खर्जातला आवाज मुद्दाम कमी केलेला असतो, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर दोन-तीन गाणीच मावतील. वरचे सूर मुद्दाम वाढवलेले असतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की खरखरही खाली येते. हे प्रमाण १९५४ पासून आरआयएए नावाने ठरलं आहे आणि फोनो प्रीॲम्प ते उलटं फिरवून गाणं मुळासारखं करतो. म्हणून त्याच्याशिवाय आवाज बारीकही येतो आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखाही.

तुमच्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या मागे ‘फोनो’ लिहिलेली जागा असेल तर प्रश्नच मिटला. नव्या प्लेअरमध्ये बहुधा तो आतच असतो आणि मागे एक छोटं बटण असतं. दोन्हीकडचे फोनो एकदम चालू केले तर आवाज फाटून कान किटतात. सिरॅमिक कार्ट्रिजला हे काहीच लागत नाही, ती थेट ऑक्सवर चालते.

मागून सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो.

टोनआर्मला बोट लावा. आवाज बदलला तर अर्थिंगचं काम आहे. प्लेअरमधून निघालेली एक बारीक सुटी वायर, टोकाला चिमटा असलेली, ॲम्प्लिफायरच्या ‘ग्राउंड’ स्क्रूला लावायची असते. निम्म्या घरांत ती मागे लोंबकळत असते. तरी गेला नाही तर प्लेअर आणि ॲम्प्लिफायर एकमेकांवर ठेवलेत का बघा, ट्रान्सफॉर्मरपासून कार्ट्रिज हातभर दूर हवी.

लाइट गेल्यावरच हा आवाज येत असेल तर दोष इन्व्हर्टरचा. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटरही कुरकुरते आणि ॲम्प्लिफायरही गुणगुणतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर हवा, किंवा लाइट येईपर्यंत धीर.

रेकॉर्डींवर पांढरी बुरशी आली आहे. धुवायच्या का? कशाने?

धुवायच्याच. पण आधी रेकॉर्ड कशाची आहे ते ओळखा. हे मी ठळक अक्षरात लिहितोय कारण माझ्या हातून पाप झालंय: ७८ च्या रेकॉर्डीला अल्कोहोल लावू नका. ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आत्याकडून आलेली नाट्यगीतांची एक तबकडी मी मोठ्या प्रेमाने स्पिरिटने पुसली. कापूस काळा होत गेला, मला वाटलं काय मळ निघतोय! तो मळ नव्हता, ते गाणं होतं.

लाखेच्या तबकडीला गार पाणी, एक-दोन थेंब भांडी घासायचं द्रव साबण, मऊ कापड, आणि लगेच कोरडं करणं. कागदी लेबल भिजू द्यायचं नाही.

एलपी आणि ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डी व्हिनाइलच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या. त्यांना डिस्टिल्ड वॉटर, त्यात पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साबणाचा थेंब. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे आपण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच. बाटलीवर नीट वाचा, शेजारीच ॲसिडही ठेवलेलं असतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. ते वाळलं की क्षार खाचेत बसतो आणि टिकटिक सुरू. खाचेच्या दिशेने गोल गोल पुसायचं, आरपार नाही. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवायचं, कारण राहिलेला साबण सुईला चिकटतो. पंख्याखाली भांड्यांच्या रॅकमध्ये उभ्या वाळवा. उन्हात नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे धुतलेली रेकॉर्ड जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका. बुरशी पाकिटात राहते, रेकॉर्डवर ती पाहुणी असते. आतली पाकिटं नवी घ्या. बाहेरचं चित्रवालं कव्हर कोरड्या ब्रशने झटकून चार दिवस हवेवर ठेवा.

आणि ठेवायच्या कशा?

उभ्या, घट्ट नाही आणि कलत्याही नाही. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट पावसाळ्यात टाळा. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि गणपतीच्या सुमारास बदला. मे महिन्यात गाडीत ठेवलेली रेकॉर्ड अर्ध्या तासात पापडासारखी होते, आणि तो पापड परत सरळ करायचे जेवढे उपाय लोक सांगतात त्यांत गाणं वाचल्याचं मी अजून पाहिलं नाही.

खोलीत कोणी चाललं की सुई उडते.

जुन्या वाड्यात किंवा लाकडी तक्तपोशीच्या चाळीत राहता का? मग प्लेअर जमिनीवरच्या टेबलावरून उचला आणि भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवा. भिंत चालणाऱ्याबरोबर हलत नाही. फरशी पक्की असेल आणि तरी त्रास होत असेल तर ओट्याच्या दुकानातून कडप्प्याचा एक तुकडा आणा, प्लेअरपेक्षा चार बोटं मोठा, कडा घासून. त्याखाली रबराचे चार जाड तुकडे. हे स्टँडच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टींपेक्षा चांगलं काम करतं आणि दिसायलाही वाईट नाही. वर ठेवताना मोबाइलच्या लेव्हलने प्लेअर समपातळीत आहे ना ते बघा.

स्पीकर त्याच टेबलावर नकोत. आवाज वाढवला की स्पीकरचा हादरा सुईत, सुईचा परत स्पीकरमध्ये, आणि हत्ती गुरगुरल्यासारखा आवाज सुरू होतो.

ते सूटकेससारखे रंगीत प्लेअर घ्यावेत का?

मुलांना गंमत म्हणून, बाजारातल्या स्वस्त रेकॉर्डींसाठी, घ्या. आईच्या जपलेल्या रेकॉर्डी त्यावर नका लावू. सुईचं वजन बहुधा पाच-सहा ग्रॅम असतं आणि ते कमी करायची सोयही नसते.

अपग्रेड करायचंय. पंधरा-वीस हजार आहेत. प्लेअर बदलू का?

थांबा. आधी सुई, मग कार्ट्रिजची बसवणी, मग रेकॉर्डी धुणं, मग फोनो प्रीॲम्प, मग स्पीकरची जागा. हे सगळं झाल्यावर ऐका आणि मग ठरवा. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं तिसऱ्या पायरीवरच समाधान होतं आणि खिशातला हात रिकामाच बाहेर येतो.

सुईचं अपग्रेड कधीकधी फार सोपं असतं. व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिजचं अंग एकच, सुया वेगवेगळ्या: साधी शंकूच्या आकाराची, लंबगोल, आणि आणखी बारीक घडणीच्या मायक्रोलिनिअर व शिबाटा. ओढून काढायची, दुसरी सरकवायची, दोन मिनिटांचं काम. बारीक घडणीची सुई खाचेत जास्त नीट बसते, आणि तुमचं ते ‘शेवटचं गाणं’ तिथे सुधारतं. टूएम रेडच्या अंगावर टूएम ब्लूची सुई अशीच चढते. मात्र मायक्रोलिनिअर किंवा शिबाटा वाकडी बसवली तर साध्या सुईपेक्षा वाईट वाजते, म्हणून बसवणी आधी.

प्लेअर बदलायचाच असेल तर दोन गोष्टी बघा: काउंटरवेट फिरवता येतं का आणि कार्ट्रिज बदलता येते का. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६० मालिकेत दोन्ही नाही, फक्त सुई बदलते. तरी ज्याला बटण दाबून ऐकायचंय त्याला मी तोच सुचवतो, प्रत्येकाला स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची हौस नसते. एलपी१२० मध्ये दोन्ही आहे आणि ७८ चा वेगही. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा १९७२ चा डायरेक्ट ड्राइव्ह, तो तुम्हाला जुना, चालू स्थितीत, टोनआर्म न वाकलेला असा मिळाला तर मला फोन करा.

जुना घ्यायचा तर कुठे आणि काय बघून?

मुंबईत चोर बाजारची मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. सुटे भाग, वायरी, आयसोप्रोपिल यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्ली. विकणारा "एकदम चालू कंडिशन" म्हणणारच. तुम्ही घरून एक रेकॉर्ड घेऊन जा आणि ती वाजवून दाखवा म्हणा. टोनआर्मची नोक दोन बोटांत धरून किंचित हलवा: खडखडला तर बेअरिंग सैल, सोडून द्या. तो आडवा सरकवताना कुठेही अडता कामा नये. सुई नाही म्हणून भाव कमी करून मागा, ती तुम्ही बदलणारच आहात. झाकणाची काच, म्हणजे ॲक्रिलिक, तडकलेली असेल तर हरकत नाही. पितळी भोंग्याचा चकचकीत ‘जुना’ ग्रामोफोन दिसला तर मात्र शोभेची वस्तू म्हणूनच भाव करा. बाजारात हल्लीच जुळवलेले नग फार आहेत.

ग्रामोफोनवर एलपी वाजवली तर?

एकदाच वाजेल. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन धरणारी आणि आवाज काढणारी गोल डबी, शंभर ग्रॅमच्या पुढे भार टाकतो आणि खाली पोलादी पिन असते. ती पिनसुद्धा प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते, कारण लाखेत मिसळलेली दगडाची भुकटी पिनेला घासते.

मग ७८ च्या तबकड्या आजच्या प्लेअरवर कशा वाजवायच्या?

प्लेअरला ७८ चा वेग हवा आणि सुई वेगळी हवी. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची, ७८ ला सुमारे ७५ मायक्रॉनची लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन तिथली धूळ वाजवते, भिंतीवरचं गाणं नाही. व्हीएम९५ मालिकेत ७८ साठी एसपी नावाची सुई आहे. तिला वजन जास्त लागतं, तेव्हा काउंटरवेट परत लावा, आणि एलपीकडे वळताना आठवणीने कमी करा. ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, निम्मी खरखर तिथेच जाते.

वेगाबद्दल आणखी एक. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आलं. त्याआधीच्या तबकड्या बरोब्बर ७८ वर कोरलेल्या असतीलच असं नाही. बुजुर्ग गायकाची पट्टी अशक्य चढी वाटली तर पेटीवर सूर धरून बघा आणि प्लेअरला वेगाची दांडी असेल तर ती खाली आणा. नंतरच्या तबकड्यांना हा त्रास कमी. आपल्याकडे त्या साठच्या दशकातही निघत होत्या, अगदी बीटल्सच्यासुद्धा.

तडा गेलेली तबकडी असेल तर दर फेऱ्याला ‘टक्’ वाजतं. बोट हलकेच फिरवून बघा, तड्याच्या दोन कडा एका पातळीत असतील तर वाजवा. वरखाली असतील तर सुई अडकून मोडते. ती तबकडी मग दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून ठेवा आणि फेकू नका, लेबलवरचा नंबर बघून तेच गाणं दुसरीकडे शोधता येतं.